एका दिवसाचं नेटवर्क

आमच्या गावात फोनला नेटवर्क हवं असेल तर स्मशानात जावं लागायचं. हे मी गमतीनं लिहीत नाही. रेवदंड्याची खाडी ओलांडून दक्षिणेला निघालं की रस्ता डोंगराला वळसा घालतो. त्या वळशाच्या आत, समुद्राच्या अंगाला कोळीवाडा आहे आणि त्याला लागून आम्हा वाडीवाल्यांची थोडी घरं. डोंगराच्या पलीकडे मुंबईकरांचे बंगले. तिथे एका खासगी कंपनीचा टॉवर होता, पण त्याचं तोंड बंगल्यांकडे आणि पाठ आमच्याकडे. गावाबाहेरच्या टेकाडावर, स्मशानाच्या पत्र्याच्या शेडपाशी मात्र टॉवरच्या नेटवर्कचा काही अंश पोचायचा. त्यामुळे संध्याकाळी तिथे बाया, पोरं, म्हातारे फोन वर धरून उभे असत. एखाद्याला खरोखरच पोचवायला माणसं आली, की हे सगळे फोन खिशात घालून बाजूला होत आणि विधी आटोपला की पुन्हा जागेवर येत.

लग्नाआधी मी पनवेलला कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवत होते. नवऱ्याची सुपारीची वाडी इथे, म्हणून इथे आले, आणि दोन-चार वर्षांनी पडवीत ऑनलाइन कामांचं दुकान टाकलं. सातबारा, रेशन कार्ड, दाखले, मासेमारीचे परवाने, बोटींच्या डिझेलची सवलत, सगळं तेव्हा ऑनलाइन झालं होतं. म्हणजे कागद बंद झाले होते आणि त्यांच्या जागी काही आलं नव्हतं. मी कौलांवर उंच बांबू बांधून त्याच्या टोकाला डबीएवढं यंत्र लावलं होतं. वारा बरा असला की एक अर्ज जायचा. वारा पडला की मी खाली आणि नवरा वर, आणि मी ओरडून सांगायची, डावीकडे, अजून डावीकडे. नारळ काढायला चढतात तसा तो माणूस माझ्या इंटरनेटसाठी कौलांवर चढायचा.

सरकारच्या लेखी मात्र आमच्या गावात इंटरनेट येऊन बरेच दिवस झाले होते. एका उन्हाळ्यात ठेकेदाराची माणसं रस्त्याच्या कडेनं चर खणत आली. केशरी नळी टाकली, नळीत काळी वायर टाकली, माती लोटली आणि ग्रामपंचायतीच्या कचेरीत एक लोखंडी पेटी भिंतीला ठोकून गेली. बाहेर फलक लागला, त्यावर हसणारी शेतकरीण, हातात मोबाइल. आमच्या गावात तसं लुगडं कोणी नेसत नाही आणि तसं कारण नसताना कोणी हसत नाही. पुढे रस्ता रुंद करायला आलेल्या दुसऱ्या ठेकेदारानं पहिल्या ठेकेदाराची नळी फावड्यानं तोडली. तुटलेली वायर बरेच दिवस कडेला लोंबत होती. मग कोळीवाड्यातल्या बायांनी ती ओढून नेली. चिवट होती, पाण्यानं कुजत नव्हती. बोंबील वाळत घालायला तिच्याइतकी चांगली दोरी बाजारात मिळत नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. त्या वायरीचा गावाला झालेला तेवढाच उपयोग मी पाहिला.

गावाला नेटवर्कवाचून ठेवण्याच्या कामात टॉवरवाल्या कंपनीनंही हातभार लावला. सुरुवातीला त्यांची पोरं छत्र्या लावून नाक्यानाक्यावर बसली आणि जवळजवळ फुकट सिमकार्डं वाटली. तेव्हा आमच्याकडेही थोडंफार नेटवर्क होतं, दुसऱ्या एका कंपनीचं. लोकांनी जुनी कार्डं फेकून नवी घेतली. दुसऱ्या कंपनीनं आपला गाशा गुंडाळला. त्यानंतर उरलेल्या कंपनीचे दर दर काही महिन्यांनी वर सरकू लागले आणि नेटवर्क होतं तिथेच, डोंगरापलीकडे, राहिलं. लोक रिचार्ज मारत राहिले, कारण मारला नाही तर बँकेचा मेसेज यायचा बंद होईल अशी भीती. महिनाभराचं इंटरनेट विकत घ्यायचं आणि ते वापरायला टेकाडावर जायचं.

माझी शेजारीण ओली-सुकी मासळी विकते. वयानं माझ्या सासूएवढी, पण सगळा गाव तिला वयनी म्हणतो, म्हणून मीही म्हणते. तिचा मुलगा आखातात तेलाच्या जहाजावर आहे. तो निघाला तेव्हा सून पोटुशी होती. बाळ झालं, पाचवी झाली, बारसं झालं, आणि मुलानं आपल्या मुलीला फक्त फोटोत पाहिलं होतं. तेही फोटो माझ्या बांबूवरून गेलेले. व्हिडिओ कॉल लावायला टेकाडावर जावं लागणार, आणि सुनेला माहेर-सासर दोन्हीकडून बजावलेलं, बाळाला स्मशानात न्यायचं नाही. मला त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं. दिवसाउजेडी आपल्या लेकीला बाप दाखवायला स्मशानात जावं लागावं, हा अंधश्रद्धेचा प्रश्नच नव्हता.

मी एकदा तालुक्याच्या साहेबांना भेटले. इंटरनेटची योजना त्यांच्याकडे होती. त्यांनी संगणकावर जिल्ह्याचा नकाशा उघडला. नकाशावर गावांच्या जागी ठिपके होते आणि आमच्या गावाचा ठिपका हिरवा होता.

"हिरवं म्हणजे पोचलं," ते म्हणाले.

"साहेब, वायर तुटलीय. त्यावर बोंबील वाळतायत."

"तुटल्याची नोंद नाही आमच्याकडे."

"मी तीच द्यायला आलेय."

"ऑनलाइन द्या ना," ते म्हणाले, "तक्रारीसाठी पोर्टल आहे." आणि हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. शेवटी म्हणाले, "आणि हे बघा, सरकारनं पायाभूत काम करून दिलंय. शेवटच्या घरापर्यंत नेणं आता खासगी क्षेत्राचं काम."

कंपनीचा अधिकारी म्हणजे गळ्यात पट्टा अडकवलेला एक तरतरीत मुलगा. तो नाक्यावर छत्री तपासायला आला होता तेव्हा मी त्याला गाठलं. त्यानं फार गोड आवाजात सांगितलं, "मॅडम, तुमच्या गावाचं गणित बसत नाही. टॉवरचा खर्च निघायला तेवढं गिऱ्हाईक पाहिजे. अशा गावांसाठी सरकार निधी देतं. ते सरकारचं काम आहे." पलीकडच्या बंगल्यांचं गणित कसं बसलं, तिथे तर शनिवार-रविवार सोडले तर माळी आणि कुत्री राहतात, असं मी विचारलं. तो हसला. अशा मुलांना हसायचं प्रशिक्षण असतं.

असं दोघांनी आमचं गाव एकमेकांच्या दारात नेऊन ठेवलं होतं आणि दोघंही आत घ्यायला तयार नव्हते.

मग थंडीच्या दिवसांत बातमी आली, मंत्री येणार. तालुक्यातली सगळी गावं इंटरनेटनं जोडली गेली असं जाहीर करायचं होतं आणि त्यासाठी आमच्या गावाची निवड झाली होती. निवड कशी झाली हे सरपंचांनाही माहीत नव्हतं. माझा अंदाज असा, की आमच्याकडे समुद्र छान दिसतो आणि डोंगरापलीकडच्या रिसॉर्टात जेवण चांगलं मिळतं. शाळेच्या मैदानात मांडव पडला. ग्रामपंचायतीला रंग लागला. त्या लोखंडी पेटीलाही लागला, कुलपासकट, त्यामुळे कुलूप उघडायची सोय राहिली नाही.

कार्यक्रमाच्या सकाळी एक पांढरी गाडी गावात शिरली. ट्रकपेक्षा लहान, टेंपोपेक्षा मोठी. ड्रायव्हरनं ती देवळामागच्या मोकळ्या जागेत लावली आणि तिच्या टपातून एक लोखंडी खांब सरसर वर चढत गेला, माडांच्या वर. मग जनरेटर सुरू झाला. मी दुकानात होते. बांबूकडे मी बघितलंही नाही, आणि माझ्या कॉम्प्युटरवर अडकून पडलेले सगळे अर्ज एकामागून एक जाऊ लागले. मग रस्त्यावरून आवाज यायला लागले, प्रत्येक खिशातून आणि प्रत्येक घरातून, कित्येक महिन्यांचे मेसेज एकदम.

मी गाडीपाशी गेले. ड्रायव्हर चहा पीत बसला होता. सरळ माणूस होता, त्यानं काही लपवलं नाही. "टॉवरगाडी आहे ताई. मोठ्या सभेला, जत्रेला लावतो. आज इथं, उद्या श्रीवर्धनला."

"म्हणजे संध्याकाळी जाणार?"

"कार्यक्रम संपला की."

मी हे कुणाला सांगितलं नाही, वयनीला सोडून. धावतच तिच्याकडे गेले. ती अंगणात बोंबील पलटत होती. मी म्हटलं, "वयनी, मुलाला फोन लाव. व्हिडिओवाला. आत्ताच्या आत्ता."

"लागंल?"

"आज लागेल. उद्या नाही."

तिनं विचारलं नाही का ते. हात पदराला पुसले, सुनेला हाक मारली. सून बाळाला न्हाऊ घालून नुकतीच निजवत होती. फोन लागायला जरा वेळ गेला, मग एकदम पडद्यावर मुलगा आला, डोक्यावर हेल्मेट, मागे नळ्याच नळ्या. सुनेनं बाळ समोर धरलं. तो पडद्याच्या आणखी जवळ आला. वयनी म्हणाली, "बघ, नाक तुजाच हाय." मागून कुणीतरी परक्या भाषेत त्याला हाक मारली आणि त्यानं हात वर करून त्या माणसाला थांबवलं. मी तिथून निघाले. ते बघत उभं राहणं बरं नव्हतं.

मांडवात भाषणं झाली. तालुक्याच्या साहेबांनी प्रास्ताविक केलं, कंपनीच्या मुलाला पुष्पगुच्छ दिला, कंपनीच्या मुलानं मंत्र्यांना शाल दिली. मंत्री म्हणाले, जगातलं सर्वांत स्वस्त इंटरनेट आपल्या देशात आहे, आणि ते शेवटच्या माणसापर्यंत नेण्यासाठी सरकार आणि उद्योग खांद्याला खांदा लावून उभे आहेत. दोन्ही खांदे तेव्हा माझ्या समोर, सोफ्यावर बसले होते. जे मिळतच नाही त्याचा दर कितीही कमी सांगता येतो, एवढंच मला सुचलं, पण तिथे ते ऐकायला कोणी नव्हतं. पुढच्या रांगेत फोन चालू होते. लोक फोनवर नाच बघत होते, क्रिकेट बघत होते. एक आजोबा आपलं स्वतःचं भाषण ऐकावं तसं मन लावून कोंबड्यांची झुंज बघत होते. मला त्यांचाही राग आला. वर्षानुवर्षं टेकाडावर चढवलं, आणि एक दिवस गाडी दारात आली म्हणून हे टाळ्या वाजवत होते.

मंत्र्यांनी मोठ्या पडद्यावर दुसऱ्या गावातल्या शाळेतल्या मुलांशी गप्पा मारल्या. "इंटरनेट आवडलं का?" "हो." "अभ्यास करणार का?" "हो." मग गाड्यांचा ताफा रिसॉर्टकडे गेला.

दुपार उतरली तसा ड्रायव्हर खांब खाली घ्यायला उठला, आणि तेव्हा लोकांना कळलं. आधी कुणाचा विश्वास बसेना. एका पोरानं विचारलं, "ही गाडी म्हणजेच नेट?" ड्रायव्हर म्हणाला, "मग काय."

वयनी मासळीची रिकामी पाटी घेऊन बंदराकडे निघाली होती. तिनं ते ऐकलं. ती गाडीच्या पुढे आली, पाटी पालथी घातली आणि तिच्यावर बसली. काही घोषणा नाही, आरडाओरडा नाही. तिला बघून दुसरी बसली, मग कोळीवाड्यातल्या बाया येत गेल्या आणि गाडीपुढचा रस्ता भरला. मी दुकान बंद करून त्यांच्यात जाऊन बसले.

ड्रायव्हरनं फोन केला. थोड्या वेळानं तालुक्याचे साहेब आणि कंपनीचा मुलगा एकाच गाडीतून आले. रिसॉर्टातून आले होते, दोघांच्या अंगाला तळलेल्या सुरमईचा वास होता.

साहेब म्हणाले, "काय मागणी आहे तुमची?"

वयनी म्हणाली, "मागनी काय. गाडी रव्हदे."

"ती कायमची ठेवता येत नाही, मावशी."

"मंग कायमचा काय तं ठेव. आमी उठताव."

साहेब कंपनीच्या मुलाकडे वळले. "तुम्ही काही सांगा ना यांना. टॉवरचा प्रस्ताव आहे ना तुमचा?"

"सर, प्रस्ताव तुमच्याकडे आहे. निधी मंजूर झाला की आम्ही बघू."

"निधी मंजूर व्हायला गाव न जोडलेलं पाहिजे. हे जोडलेलं आहे."

"मग सर आमचाही नाइलाज आहे."

मी विचारलं, "म्हणजे नकाशावर हिरवं आहे म्हणून टॉवर मिळणार नाही, आणि टॉवर नाही तरी हिरवंच राहणार?"

साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्ही यांना समजवायचं, तर तुम्हीच बसताय."

"समजवण्यासारखं काही तुम्ही बोललात तर समजावीन."

यावर त्यांनी ड्रायव्हरला हाक मारून जनरेटर बंद करायला सांगितलं. तेवढं त्यांच्या हातात होतं. घरघर थांबली, आणि आसपासच्या घरांतून एकेक आवाज बंद होत गेला. कुणीतरी मधेच तोडलेल्या गाण्याबद्दल शिवी दिली. बाया तशाच बसून राहिल्या. साहेब सावलीत उभे राहिले, कंपनीचा मुलगा गाडीत काच वर करून बसला. पोलीस पाटील येऊन दोनदा बघून गेले आणि आल्या वाटेनं परत गेले, कारण पाटलांची भावजय पुढच्या रांगेत होती.

शेवटी साहेबांनी किंवा पोलिसांनी कुणाला उठवलं नाही. समुद्रावरून बोटींच्या इंजिनांचा आवाज आला. बोटी लागायला आल्या होत्या. आलेली मासळी कुणासाठी थांबत नाही. वयनीनं पाटी उचलली, झटकली, आणि साहेबांना म्हणाली, "आमी तुमच्यामुलं उठताव न्हाय, बोटी आल्या म्हनून जाताव." सगळ्या उठल्या आणि बंदराकडे गेल्या. गाडी खांब दुमडून निघून गेली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मंत्र्यांचा आणि पडद्यावरच्या मुलांचा फोटो होता. आमच्या बसण्याची एक ओळ नव्हती.

त्यानंतर मी तक्रारी करत राहिले. प्रत्येक तक्रारीला उत्तर यायचं, तक्रारीचं निवारण झालं आहे. एकदा एक तरुण इंजिनिअर खरंच आला, तुटलेली नळी बघितली, वयनीच्या अंगणातल्या बोंबलांचे फोटो काढले, सरकारी मालमत्तेचा गैरवापर म्हणून नोटीस देता येईल असं म्हणाला आणि पावशेर सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, घेऊन गेला. सोड्यांचे पैसे द्यायचे त्याच्या लक्षात राहिलं नाही.

पावसाळा संपला आणि एक दिवस इंटरनेट आलं. सरपंचांचा भाचा चौलला केबलचा धंदा करतो. त्यानं सुपारीच्या झाडांवरून, विजेच्या खांबांवरून काळी वायर ओढत आणली आणि घरोघर जोडण्या द्यायला सुरुवात केली. दर टॉवरच्या कंपनीपेक्षा जास्त. तरी लोकांनी घेतलं. मीही घेतलं. बांबू उतरवला, नवऱ्यानं त्याचा काकडीच्या वेलाला मांडव केला. वयनीनं आधी घेतलं नाही, मग सुनेनं हट्ट धरला म्हणून घेतलं. आता तिचा मुलगा आठवड्यातून एकदा तरी मुलीला बघतो. मुलगी त्याला ओळखते, फोनलाच बाबा म्हणते.

पण एक गोष्ट मला खटकायला लागली. गावात वीज असायची, माझ्याकडे असायची, तरी इंटरनेट जायचं. मग कळलं की ते जातं तेव्हा ग्रामपंचायतीच्या कचेरीतली वीज गेलेली असते. तिचं बिल थकलेलं, महावितरणची माणसं मधूनमधून येऊन जोडणी तोडायची. कचेरीतली वीज गेली की भाच्याचं इंटरनेट बंद. मी एके दुपारी कचेरीत गेले. ग्रामसेवक जेवायला गेले होते. भिंतीवरच्या त्या लोखंडी पेटीचं रंगानं चिकटलेलं कुलूप फोडलेलं होतं. आत हिरवे दिवे लुकलुकत होते आणि पेटीच्या खालून भाच्याची काळी वायर निघून खिडकीतून बाहेर गेली होती.

म्हणजे रस्त्याकडेला तुटलेली सरकारची वायर भाच्यानं नवा तुकडा घालून जोडून घेतली होती. गावासाठी फुकट आलेलं इंटरनेट तो गावालाच विकत होता, आणि वीजही ग्रामपंचायतीचीच. सरकार आणि खासगी क्षेत्र खांद्याला खांदा लावून काय करू शकतं ते मी त्या दुपारी उघड्या डोळ्यांनी बघितलं.

मी सरपंचांच्या घरी गेले. ते झोपाळ्यावर होते. त्यांनी नाकारलं नाही, उलट समजावून सांगितलं. "वहिनी, पेटी वर्षानुवर्षं बंद पडली होती. याने स्वतःच्या खिशातून जोडून घेतली. तालुक्याला विचारलंय. ते म्हणाले, गावाला मिळतंय ना, मग झालं."

"गावाला विकत मिळतंय."

"फुकट मिळत होतं तेव्हा मिळत होतं का?"

मी तिथून तडक वयनीकडे गेले. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "मना म्हाईत होता. समद्यांना म्हाईत हाय." मी म्हटलं, मग गप्प का बसलात. ती म्हणाली, "बोललो आनी त्यानं वायर काढली, तं ही पोर कोनाला बाबा म्हनंल?" मला तिची चीड आली आणि तिच्यावर चिडण्याचा आपल्याला काय अधिकार म्हणून स्वतःचीही.

ग्रामसभेत मी हा विषय काढला. अर्धी सभा भाच्याची गिऱ्हाइकं आणि अर्धी नातलग. मला कोणी ओरडलं नाही, फक्त खुर्च्यांवर लोक हलले. मग वयनी मागून उठली. म्हणाली, त्यानं घरोघर पैसे घ्यावे, तिचं काही म्हणणं नाही, पण शाळेला, रेशनच्या दुकानाला आणि अंगणवाडीला फुकट द्यायचं, आणि कचेरीचं विजेचं बिल त्यानं भरायचं. नाहीतर ती उद्या पोरींना घेऊन पेटीपुढे बसेल. "आनी आता बोटींची वाट बघनार न्हाय. बोटी बंद हायत." खरंच, तेव्हा पावसाळ्याची मासेमारीबंदी चालू होती. भाचा मामाकडे बघत राहिला, मामा झाडांकडे. ठराव झाला. शाळेला वायर गेली, रेशनच्या दुकानाला गेली. अंगणवाडीला अजून गेलेली नाही.

हा विजय आहे असं कुणाला वाटत असेल तर वाटो. जे आपलंच होतं त्याचा तुकडा एका म्हातारीला मागून घ्यावा लागला. तालुक्याच्या साहेबांची बढती झाली. कंपनीचा मुलगा आता दुसऱ्या जिल्ह्यात हसतो. मधे कंपनीनं दर पुन्हा वाढवले, तेव्हा भाच्यानंही वाढवले, कारण बाजारभाव.

गेल्या महिन्यात जिल्ह्याच्या माहिती खात्याचा एक फोटोग्राफर आला. इंटरनेटमुळे बदललेल्या गावाची यशोगाथा करायची होती. त्याला एक कोळीण हवी होती, हातात मोबाइल घेतलेली, हसणारी. कुणीतरी त्याला वयनीकडे पाठवलं. ती पाटी भरून रेवदंड्याच्या बाजाराला निघाली होती. तो म्हणाला, "मावशी, जरा फोन हातात घ्या आणि समुद्राकडे बघून हसा."

ती म्हणाली, "आधी पाटीला हात लाव."

त्यानं कॅमेरा गळ्यात मागे सारला आणि दोन्ही हातांनी पाटी तिच्या डोक्यावर चढवली. मासळीचं पाणी त्याच्या पांढऱ्या शर्टवर कोपरापर्यंत ओघळलं. तो हात लांब धरून उभा राहिला. वयनी रस्त्याला लागली, रेवदंड्याची एसटी यायची वेळ झाली होती.